अण्णांच्या मागे वारस नोंद, वाटणी आणि आईचं मृत्युपत्र: सव्वा वर्षाचा अनुभव

अण्णा नोव्हेंबर २०२४ मध्ये गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मागे आई, आम्ही दोघं भाऊ आणि दोन बहिणी. गाव परभणी जिल्ह्यात. त्यांच्या नावावर १९९६ साली घेतलेलं अडीच एकर वावर, गावठाणातलं घर, दोन बँक खाती, एका पतसंस्थेतली ठेव आणि सोसायटीचं पीककर्ज. शिवाय सहा एकरांचा एक जुना गट होता. तो आम्ही तीस-पस्तीस वर्षं कसत होतो, पण सातबाऱ्यावर अजून आजोबाच होते. मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत कागदपत्रांची अशीच अवस्था असते, म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवतो आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. कायद्यानं जेवढे वारस आहेत तेवढ्या सगळ्यांची नावं आधी लावा आणि कुणाला काय द्यायचं ते नंतर ठरवा. या क्रमानं गेलो म्हणून आमचं काम कुठं अडलं तरी बिघडलं नाही.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत केली तर फुकट होते. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून होते, त्यापुढे वर्षभरापर्यंत वरिष्ठांची परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दाखला हातात आला की तिथंच उभं राहून नाव, वय आणि तारीख आधारशी व सातबाऱ्याशी ताडून बघा. नोंद ताजी असेपर्यंत दुरुस्ती सोपी जाते. सातबाऱ्यावर 'बाबाराव' आणि दाखल्यावर 'बाबासाहेब' असं असेल तर पुढे प्रत्येक टेबलावर 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं शपथपत्र द्यावं लागतं. मूळ प्रती एकदमच आठ-दहा काढून घ्या. बँक, विमा, तलाठी, सोसायटी, ग्रामपंचायत असे सगळेच एकेक मागतात.

तेराव्यानंतर आम्ही एका वहीत यादी केली. गट क्रमांक, खाता क्रमांक, बँकेची पासबुकं, विम्याच्या पावत्या, विजेचा ग्राहक क्रमांक, सोसायटीचे भाग, उसनवारी असं सगळं एका जागी आलं. आईला यातलं निम्मं ठाऊक नव्हतं आणि आम्हाला तर त्याहून कमी. पीएम किसानचे हप्ते खात्यावर येत राहतात, पण मृत्यूनंतर आलेला हप्ता परत करावा लागतो. म्हणून आधी तिथं कळवलं.

जानेवारी २०२५ मध्ये अडीच एकराच्या वारस नोंदीचा अर्ज दिला. तलाठ्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, गावात अजून तलाठीच म्हणतात. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, पण मुदतीत कळवलेलं बरं. अर्ज ई-हक्क प्रणालीवरूनही भरता येतो. आम्ही तसाच भरला आणि कागदांची फाइल सज्जावर, म्हणजे तलाठ्यांच्या कार्यालयात, नेऊन दिली. फाइलमध्ये मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते, मोबाइल क्रमांक आणि मृताशी नातं, प्रत्येकाच्या आधारची प्रत, वारसांबाबतचं शपथपत्र, पोलीस पाटलाचा दाखला, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि ताजा सातबारा व आठ-अ (खात्याचा उतारा) होते. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत निघतो आणि सगळीकडे चालतो.

बहुतेक घरांत चूक होते ती वारसांच्या यादीत. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर मुलगे, मुली, बायको आणि त्याची आई हयात असेल तर तीही, हे सगळे पहिल्या वर्गातले वारस असतात आणि त्यांचे हिस्से सारखे असतात. आजी हयात असताना तिचं नाव हमखास राहतं. वडील पहिल्या वर्गात येत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एखादा मुलगा आधीच गेलेला असेल तर त्याची बायको आणि मुलं त्याच्या जागी येतात. अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, वारसाच्या नावापुढे 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) लावून पालनकर्त्याचं नाव लिहितात. आणि लग्न झालेल्या मुली! "लेकींची नावं कशाला, त्यांना लग्नात दिलंच की," असं सांगणारे चावडीवर नेहमी भेटतात. त्यांचं ऐकून खोटं शपथपत्र केलं तर तो गुन्हा होतो, आणि वीस वर्षांनी भाचे कोर्टात गेले की पुढचे सगळे फेरफार, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदी, हलतात. आम्ही दोघी बहिणींची नावं आधारवर आहेत तशी, सासरच्या नावानं घातली आणि नात्यापुढे 'मुलगी' लिहून घेतलं.

पुढचं काम असं चालतं. तलाठी चौकशी करून वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये घेतात आणि फेरफार गाव नमुना ६ मध्ये ओढतात. नोटीस चावडीवर लागते, हितसंबंधितांना पाठवतात. 'आपली चावडी' या संकेतस्थळावरही ती बघायला मिळते. हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते. निकाल पटला नाही तर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. आमच्या नोंदीला हरकत नव्हती, तरी ती मार्चपर्यंत रेंगाळली, कारण पुण्याला असलेल्या ताईला नोटीस पोहोचल्याची पोच फाइलला नव्हती. लांबच्या वारसांनी अर्ज देतानाच एकदा येऊन जबाब देऊन जावं. हा एक महिना वाचतो. पंधरा दिवस झाले की फेरफार क्रमांक टाकून ऑनलाइन स्थिती बघत राहा आणि अडकलेली दिसली तर कारण लेखी विचारा.

सोसायटीचा बोजा 'इतर हक्क' रकान्यात असला तरी वारस नोंद थांबत नाही. 'आधी बेबाकी (कर्ज फिटल्याचा दाखला) आणा' असं कुणी म्हणालं तर कोणत्या नियमानं ते नम्रपणे विचारावं. कर्ज माफ होत नाही हे खरं, पण वारसांची जबाबदारी वारशानं मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. आपल्या स्वतःच्या पगारातून फेडायचं बंधन नाही.

आणि नोंद करायची घाई का? १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. तो सातबाऱ्यावरच्या नावावर निघतो. मेलेल्या माणसाच्या नावावर वावर ठेवून अनुदान मागण्याचे दिवस संपले.

आता जुना गट. १ एप्रिल २०२५ ला राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली. बुलढाणा जिल्ह्यात ती आधी राबवली होती. गावात चावडीवाचन झालं, मयत खातेदारांची यादी वाचली, त्यात आजोबांचं नाव होतं. काम आपोआप होईल असं वाटलं. पण आजोबा १९८९ साली शेतातल्या आखाड्यावर वारले होते, मृत्यूची नोंदच नव्हती. ग्रामपंचायतीकडून 'नोंद आढळून येत नाही' असा दाखला घेतला आणि तहसीलमध्ये उशिराच्या नोंदीचा अर्ज केला. त्या सुमारास राज्यात उशिराच्या जन्म-मृत्यू नोंदींची छाननी फार कडक झाली होती. नुसत्या शपथपत्रावर भागत नव्हतं, तारखेला आधार देणारा कागद लागत होता. सोसायटीच्या जुन्या खातेवहीत आजोबांच्या नावापुढे 'मयत' असा शेरा आणि वर्ष सापडलं, ते कामी आलं. तुमच्याकडे असं काही नसेल तर आजीच्या निराधार पेन्शनचा कागद, रेशनकार्डावरून नाव कमी केल्याची नोंद, दवाखान्याचा कागद यांतलं काही शोधा. मोहिमेची मुदत १० मे ला संपली आणि आमचा आदेश जूनमध्ये आला. वारस नोंद मोहिमेनंतरही होतेच, त्यामुळे मुदत गेली म्हणून हात टेकू नका.

नावाचाही घोळ होता. सातबाऱ्यावर 'किसन', नव्या दाखल्यावर 'किशनराव'. शिवाय गट क्रमांक पडण्याआधीचा सर्व्हे नंबर कोणता हे कुणाला सांगता येईना. इथं आपल्या भागाचा खास कागद उपयोगी पडतो, तो म्हणजे १९५४-५५ चं खासरा पत्रक, त्या वेळची सर्व्हे नंबरवार जमिनीची नोंद. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे आपली जुनी दफ्तरं पश्चिम महाराष्ट्रापेक्षा वेगळी. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, सेतवार असे शब्द पुण्याच्या वकिलाला सांगावे लागतात, इथल्या अभिलेख कक्षातला कारकून मात्र लगेच ओळखतो. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून आम्ही खासऱ्याची नक्कल काढली. पान पिवळं पडलेलं होतं आणि कडा झिजलेल्या, पण नाव, बापाचं नाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि आकार (शेतसारा) स्वच्छ वाचता येत होतं. त्यावर 'किसन' होतं, म्हणजे सातबारा बरोबर होता. त्याहून जुना कागद उर्दूत निघाला तर अधिकृत भाषांतर करून घ्यावं लागतं. जमीन इनामी किंवा कुळकायद्याची असेल तर खासऱ्यावरून तेही कळतं. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असेल तर हस्तांतरणाला परवानगी लागू शकते. वारस नोंद मात्र वर्ग २ ची सुद्धा होते. सातबाऱ्यावर हस्तदोष, म्हणजे लिहिण्यातली चूक, असेल तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्ती मागता येते.

जुन्या सातबाऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असंही दिसतं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तो एकटा मालक नसतो. त्याच्या पश्चात फक्त त्याच्याच मुलांची नावं लागली तर बाकी भावंडं सातबाऱ्यावरून गायब होतात. अशी नोंद असेल तर नोटिशीच्या पंधरा दिवसांत हरकत घ्याच.

आजोबांचे वारस अण्णा आणि आत्या. आत्या सत्तरीच्या, सेलूकडे राहतात. त्यांचं नाव लागायलाच हवं होतं. ऑगस्टमध्ये दोन्ही पायऱ्या झाल्या. आधी आजोबांच्या जागी अण्णा आणि आत्या, मग अण्णांच्या जागी आम्ही पाच जण. मुलीच्या हक्काबद्दल गावात अजून '१९९४ च्या आधी लग्न झालं असेल तर काही नाही' असं सांगतात. तो जुन्या राज्य दुरुस्तीचा नियम होता. ९ सप्टेंबर २००५ ची केंद्राची दुरुस्ती आणि ११ ऑगस्ट २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा विनीता शर्मा खटल्याचा निकाल यांनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्मतः मुलाइतकाच आहे. ९ सप्टेंबर २००५ ला बाप हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी वाटणी होऊन गेली असेल तर ती उलटत नाही. आत्यांचा हिस्सा नेमका किती हा हिशेब मृत्यूच्या तारखांवरून फिरतो, तो दिवाणी वकिलांकडून लेखी करून घेतला. आमचा पाच जणांचा हिशेब सोपा होता. अण्णांच्या विकत घेतलेल्या वावरात प्रत्येकी पाचवा हिस्सा. आणि अण्णांच्या वाट्याच्या वडिलोपार्जित जमिनीतही सहा समान वाटे धरून अण्णांचा सहावा वाटा पुन्हा पाच जणांत वाटला, तरी उत्तर पाचवा हिस्साच येतं.

दरम्यान बँका. एका खात्याला आई नॉमिनी, म्हणजे नामनिर्देशित, होती, तिथं दाखला, आधार आणि फॉर्म दिला आणि काम झालं. पण नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे. ती पैसे स्वीकारते आणि कायदेशीर वारसांसाठी सांभाळते. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीतही हेच सांगितलं. दुसऱ्या खात्याला नामनिर्देशन नव्हतं. शाखेनं सगळ्यांच्या सह्यांचं हमीपत्र, जामीनदार आणि बहिणींची ना-हरकत मागितली. रिझर्व्ह बँकेचे आता याबद्दल एकसारखे नियम आले आहेत आणि बँकांना ते लागू करायला ३१ मार्च २०२६ ची मुदत दिली होती. वाद नसेल तर व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र मागायचं नाही, आणि कागद पूर्ण झाल्यावर १५ दिवसांत निकाल द्यायचा. त्याहून मोठ्या किंवा वादाच्या रकमेला दिवाणी न्यायालयात वारसा प्रमाणपत्राचा अर्ज करावा लागू शकतो. त्यात जाहीर नोटीस आणि रकमेवर कोर्ट फी आली. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं, ते आईच्या खात्यावर लगेच केलं. जुनी विसरलेली खाती शोधायला रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आहे. पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्यांना मात्र हे नियम लागू नाहीत आणि तिथल्या ठेवीला ५ लाखांचा ठेव विमाही नाही. आमच्या ठेवीचा दावा अजून पडून आहे. आईबापांच्या ठेवी अशा ठिकाणी असतील तर ते हयात असतानाच मोडून घ्या.

गावठाणातल्या घराचा तलाठ्याशी संबंध नाही. ते ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला असतं. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज द्यावा लागतो आणि मासिक सभेत ठराव होतो. सातबारा झाला म्हणजे घरही झालं असं समजून लोक हे सोडून देतात.

दिवाळीत सगळे जमले तेव्हा वाटणीचं बोलणं झालं. धाकटीनं आपला हिस्सा आईच्या नावे सोडायचं ठरवलं, ताईनं आणि आत्यांनी ठेवायचं ठरवलं. इथं माझं मत स्पष्ट आहे. बहिणीला हक्कसोड मागू नये. तिनं आपणहून म्हटलं तरी महिनाभर जाऊ द्यावा आणि पुन्हा विचारावं. वारस नोंदीच्या दिवशीच हक्कसोडवर सही घ्यायची पद्धत वाईट आहे. हक्कसोड दुय्यम निबंधकांकडे नोंदवावीच लागते, स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेल्या कागदानं फेरफार होत नाही. जवळच्या नात्यात मोबदल्याशिवाय वडिलोपार्जित हिस्सा सोडला तर ऑक्टोबर २०२४ पासून मुद्रांक ५०० रुपये आहे. मोबदला घेतला की खरेदीखतासारखं शुल्क लागतं.

वाटणीसाठी दोन वाटा आहेत. सगळ्यांची संमती असेल तर कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज, नाहीतर नोंदणीकृत वाटणीपत्र. शेतजमिनीच्या वाटणीला मुद्रांक १०० रुपये आहे आणि नोंदणी फी मे २०२५ च्या मंत्रिमंडळ निर्णयानं माफ झाली आहे. आम्ही कलम ८५ चा अर्ज दिला. जिरायतीत २० गुंठ्यांखाली आणि बागायतीत १० गुंठ्यांखाली तुकडा पाडता येत नाही, म्हणून आधी कागदावर आराखडा काढला. क्षेत्रापेक्षा भांडणं विहिरीवरून होतात, हे इकडे पोराटोरालाही माहीत आहे. म्हणून विहिरीत कुणाचा किती हिस्सा, पाळी किती दिवसांनी आणि किती तासांची, मोटर आणि वीजजोडणी कुणाच्या नावे, बिल कसं वाटायचं, पाइपलाइन कुणाच्या वाट्यातून जाणार, आतल्या वाट्याला बैलगाडी-ट्रॅक्टरची वाट किती फुटांची आणि कोणत्या बांधानं, बांधावरची आंब्याची झाडं कुणाची, हे सगळं अर्जासोबतच्या तक्त्यात लिहिलं. 'वहिवाटीप्रमाणे' एवढंच लिहून ठेवलं की पुढची पिढी भांडते.

जानेवारी २०२६ मध्ये आईनं मृत्युपत्र केलं. विषय तिनंच काढला, "तुमच्यासारखी फरफट पुन्हा नको," म्हणाली. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावर चालतं. दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा आणि त्यांच्या सह्या, एवढी कायद्याची गरज आहे. नोंदणी ऐच्छिक आहे, पण आम्ही केली. नोंदणी फी १०० रुपये आणि पानांचा हाताळणी खर्च वेगळा. कोणत्याही दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवता येतं. मराठवाड्यातल्या मालमत्तेसाठी प्रोबेट, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र शाबीत करून घेणं, सक्तीचं नाही, मृत्युपत्रावरून फेरफार होतो. मात्र वाद झाला तर एका तरी साक्षीदाराला कोर्टात उभं राहावं लागतं. म्हणून साक्षीदार आईपेक्षा बरेच लहान, गावात सापडतील असे आणि मृत्युपत्रात काहीही न मिळणारे निवडले.

मजकुरात गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा, घराचा मिळकत क्रमांक, खात्यांचे क्रमांक घातले. आधीची मृत्युपत्रं रद्द, हेही लिहिलं. 'यात न लिहिलेलं किंवा पुढे मिळणारं सगळं अमुकला' हे कलम नक्की घाला, नाहीतर उरलेल्यासाठी पुन्हा वारस नोंदीचा फेरा सुरू होतो. ज्याला द्यायचं तो आधी गेला तर कुणाला, हेही लिहा. कुणाला कमी देत असाल तर कारण एका ओळीत लिहा. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा व्यवस्थापक म्हणून मामेभावाला नेमलं. आईला आपल्या हिश्श्यापुरतंच लिहिता येतं, एकत्र जमिनीतला न वाटलेला हिस्साही त्यात येतो. डॉक्टरांचं 'मनानं व शरीरानं सक्षम' हे प्रमाणपत्र त्याच दिवसाचं घेतलं.

कार्यालयात बोटांचे ठसे यंत्रावर घेतात. आईचं अख्खं आयुष्य कापूस वेचण्यात आणि खुरपण्यात गेलं, अंगठ्याच्या रेषा पार झिजलेल्या. यंत्र घेईचना. तिथल्या मुलीनं ओल्या फडक्यानं हात पुसायला लावले, थोडं खोबरेल चोळलं, मग डाव्या हाताच्या बोटाचा ठसा उमटला. म्हाताऱ्या माणसाला नेताना ओलं फडकं आणि तेलाची बाटली सोबत ठेवा, आणि सकाळचा पहिला वेळ घ्या. दुपारी सर्व्हर बसला की त्यांना बाकड्यावर ताटकळावं लागतं. मजकूर वाचून दाखवताना आम्ही भावंडं बाहेर थांबलो. लाभ घेणाऱ्यांनी त्या वेळी खोलीत नसावं, म्हणजे पुढे दबावाचा आरोप टिकणं अवघड जातं.

मूळ मृत्युपत्र व्यवस्थापकाकडे आहे, दस्त क्रमांक, तारीख आणि कार्यालयाचं नाव चौघा भावंडांच्या फोनमध्ये आहे. कलम ८५ चा आदेश झाला आहे. भूमी अभिलेखकडे पोटहिस्सा मोजणीची फी भरली असून तारीख मिळाली आहे एप्रिलची, तूर निघून वावर मोकळं झाल्यावरची. आत्यांना आदल्या दिवशी आणून ठेवायचं आहे, कारण हद्दीच्या खुणा दाखवताना सगळे सहधारक बांधावर लागतात आणि मोजणीच्या कागदावर त्यांची सही तिथंच घेतात.